ही तर तिसरी!

आई ॲडलेडला आली की पहिला आठवडा समुद्र बघण्यात जातो आणि दुसऱ्या आठवड्यात मी तिला म्युझियमला नेतो. म्युझियम शहराच्या मधोमध आहे, आत एसी आहे, बसायला बाकं आहेत. आणि फुकट आहे. (खरं कारण शेवटचंच :-))

या वेळी तिचा गुडघा नवा होता. मागच्या वर्षी पुण्यात ऑपरेशन करून सांधा बदलला, तेव्हापासून विमानतळावर यंत्र ओरडलं की बाईसाहेब अभिमानाने पर्समधून डॉक्टरांची फाईल काढतात. गुडघा नवा म्हणून चालायचा उत्साहही नवा. त्यामुळे मागच्या खेपेला "पाय दुखतात रे, आता पुरे" म्हणून राहिलेलं एक दालन या वेळी बघून झालं. ओपल झालेल्या जीवाश्मांचं.

ज्यांनी ओपल पाहिलेलं नाही त्यांना ते समजावून सांगणं कठीण आहे. साबणाच्या फुग्यावरचे किंवा पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवरचे रंग एखाद्या खड्यात अडकवून ठेवलेत अशी कल्पना करा. खडा जरासा तिरका केला की निळा पळून जातो आणि त्या जागी हिरवा येतो, कुठेतरी लाल ठिणगी उडते. इथे काचेमागे असे नुसते खडे नव्हते, शिंपले होते, शंख होते, हाडं होती. एका शिंपल्यापाशी आम्ही थांबलो. माझ्या डोक्यात लगेच डॉलर गुणिले रुपये सुरू झालं. आईने काचेला जवळजवळ नाक लावलं आणि म्हणाली,

"अरे, ही तर तिसरी!"

घाटावरच्या मंडळींसाठी खुलासा: तिसऱ्या म्हणजे खाडीत मिळणारे दोन झाकणांचे छोटे शिंपले, कुठे यांनाच शिवल्या म्हणतात. खोबऱ्याच्या वाटणातलं त्यांचं सुकं आईच्या माहेरी, गुहागरला, अजूनही होतं. तिने लहानपणी टोपल्याच्या टोपल्या तिसऱ्या साफ केलेल्या आहेत. शास्त्रज्ञ म्हणतील की दहा-अकरा कोटी वर्षांपूर्वीचा तो शिंपला आणि आजची तिसरी यांच्यात काय साम्य? तर हे: तोच पंखा, त्याच कडेला समांतर वाढीच्या रेघा, तीच बिजागरी. आईला तेवढं पुरेसं होतं.

"मग याचं हे असं कसं झालं?" तिने विचारलं.

आता इंजिनियर मुलगा 'मला माहीत नाही' म्हणतो का कधी! मी ठोकून दिलं, "जमिनीखाली करोडो वर्षं दाबला जाऊन, तापून, मग त्याचं रत्न होतं."

"तापून?" आई म्हणाली. "तापला असता तर चुना नसता का झाला?"

मी गप्प. तिच्या लहानपणी शिंपले भाजून चुना करायचे, घरं त्यानेच रंगवायचे. शिंपला भाजला की चुना होतो ही गोष्ट तिला रसायनशास्त्राच्या पुस्तकातून शिकावी लागलेली नाही. आणि तिचं म्हणणं बरोबर होतं. माझ्या उत्तरात तापणं चूक होतं, दाबणंही चूक होतं, आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे 'शिंपल्याचं रत्न होतं' हे वाक्यच चूक होतं.

शुक्रवारची रात्र आणि शनिवारची अख्खी सकाळ वाचनात गेली. जे कळलं ते असं.

ऑस्ट्रेलियाचा मधला भाग आज लाल वाळवंट आहे. पण साधारण १२ ते १० कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता, उथळ आणि भल्याथोरल्या विस्ताराचा. त्याला एरोमांगा समुद्र म्हणतात. तेव्हा ऑस्ट्रेलिया दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ होता, त्यामुळे हा काही गोव्यासारखा समुद्र नव्हता. गारठलेला होता. हिवाळ्यात त्यात बर्फ तरंगायचं आणि बर्फाला चिकटून आलेले मोठाले धोंडे ते वितळलं की तळाच्या मऊ चिखलात येऊन पडायचे. तसे धोंडे आजही सापडतात. या समुद्रात शिंपले होते, माकूळसारखे दिसणारे बेलेम्नाईट होते, लांब मानेचे मोठे सागरी सरपटणारे प्राणी होते. मेले की सगळे तळाच्या काळ्या चिखलात. वरून आणखी चिखल.

आता या चिखलाकडे लक्ष द्या, कारण खरा हिरो तोच आहे. त्यात पूर्वेकडच्या ज्वालामुखींमधून आलेला गाळ होता, फेल्डस्पार नावाच्या खनिजाचे कण होते. आणि त्यात पायराईट होतं, म्हणजे लोह आणि गंधक यांचं संयुग. प्राणवायू नसलेल्या काळ्या चिखलात पायराईट सुखाने राहतं. पुढे समुद्र मागे हटला, जमीन उघडी पडली, पावसाचं पाणी आणि हवा आत शिरली, आणि पायराईट गंजायला लागलं. पायराईट गंजलं की गंधकाचं आम्ल तयार होतं. चक्क सल्फ्युरिक ॲसिड.

शिंपल्यावर लिंबू पिळून बघा. फसफसतं. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, फरशीच्या चुनखडीचाच भाऊ, आणि आम्लापुढे त्याचं काही चालत नाही. चिखल तोपर्यंत दगडासारखा घट्ट झालेला होता आणि आम्लाला तो असा विरघळणारा नव्हता. शिंपला विरघळला, वाहून गेला. त्यातलं कॅल्शियम आणि आम्लातलं गंधक मिळून जिप्सम होतं, आणि ओपलच्या खाणींच्या आसपास जिप्समच्या चकाकत्या शिरा भरपूर असतात. म्हणजे शिंपला कुठे गेला असं विचारलं, तर थोडाफार तिकडे, शेजारी!

मागे राहिली ती एक पोकळी. शिंपल्याच्या आकाराची. चिखलाने शिंपल्याच्या अंगावरची प्रत्येक रेघ लक्षात ठेवली होती, बिजागरीचे दात लक्षात ठेवले होते, आणि शिंपला गेल्यावरही ते सगळं तसंच धरून ठेवलं.

त्याच आम्लाने दुसरं एक काम केलं. फेल्डस्पार आणि राखेचे कण कुजवले. ते कुजले की पांढरी मऊ केओलिन माती उरते आणि सिलिका सुटी होते. सिलिका म्हणजे तीच जी वाळूत आहे, काचेत आहे, गारगोटीत आहे. ही सिलिका पाण्यातून हळूहळू झिरपत खाली गेली आणि जिथे जागा मिळेल तिथे जमली: भेगांमध्ये, फटींमध्ये, आणि त्या शिंपल्याच्या पोकळीत. पाणी कमी होत गेलं तसे तिचे बारीक बारीक गोळे बनले, ते तळाशी बसले आणि घट्ट झाले. यात कुठेही भट्टी नाही. आईचा मुद्दा.

मोदकाच्या साच्याचं उदाहरण घ्या. उकडीच्या मोदकाला बाहेर कळ्या असतात आणि आत सारण असतं. साच्यात दाबून काढलेल्या पेढ्याच्या मोदकाला कळ्या तशाच असतात, किंबहुना जास्त सुबक. पण फोडून बघा, आत सारण नाही, सगळा पेढाच. ओपलचे बहुतेक शिंपले असे पेढ्याचे मोदक आहेत. बाहेरून हुबेहूब, आत शिंपल्याचं काहीही नाही.

'बहुतेक' म्हटलं, कारण दुसराही एक प्रकार आहे. कधीकधी मूळ वस्तू एकदम नाहीशी होत नाही. सिलिका आधीच तिच्यात मुरते, मग मूळ पदार्थ कणाकणाने जातो आणि त्या त्या कणाच्या जागी सिलिका बसते. अशा वेळी आतली रचनासुद्धा टिकते. लाकडाच्या आणि हाडांच्या काही नमुन्यांमध्ये आतल्या पेशींच्या जागा, बारीक नळ्या ओपलमध्ये दिसतात. पण शिंपल्याच्या नशिबी सहसा पहिला प्रकार.

ऑफिसमध्ये गेलं वर्षभर आम्ही एक जुनी बिलिंग सिस्टीम नव्याने लिहितोय. ज्यांनी ती लिहिली ते काका कधीच निवृत्त झाले, कोड वाचून कळत नाही, कागदपत्रं नाहीत. मग आम्ही काय केलं, तर ती सिस्टीम बाहेरून कशी वागते त्याच्या हजारभर टेस्ट लिहिल्या आणि मग आतलं सगळं फेकून नवीन भरलं. टेस्ट पास होतात म्हणजे सिस्टीम तीच, असं आम्ही म्हणतो. टेस्ट म्हणजे तो चिखल! आणि जिथे टेस्ट लिहायची राहिली तिथली रेघ गेली ती गेलीच. त्या काकांनी एका फंक्शनमध्ये लीप वर्षासाठी काहीतरी खास करून ठेवलं होतं म्हणतात. ते आता कुणालाच माहीत नाही. असो, सोमवारचा विषय रविवारी नको.

आता रंगांकडे. ओपलचे रंग कुठून येतात हे माणसाला बरेच उशिरा कळलं. १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या जोन्स, सँडर्स आणि सेग्निट या तिघांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ओपल पाहिलं तेव्हा कळलं की आत रंगद्रव्य बिव्य काही नाही. सिलिकाचे एकसारख्या आकाराचे गोळे आहेत, आणि ते साबुदाणा बरणीत नीट थर लावून भरावा तसे रांगेत बसलेत. एकेक गोळा साधारण १५० ते ३०० नॅनोमीटरचा, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीत तीनेकशे गोळे मावतील. गोळ्यांमधलं अंतर प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपास असल्यामुळे प्रकाश त्यांच्यातून वाकून, विभागून बाहेर पडतो. गोळे लहान असतील तर निळा-जांभळा, मोठे असतील तर लालसुद्धा. म्हणून लाल ओपल दुर्मीळ आणि महाग. आणि गोळे लहानमोठे असतील किंवा वेडेवाकडे बसले असतील तर? मग रंग नाहीच. दुधाळ, राखाडी, निर्जीव दगड. खाणवाले त्याला पॉच म्हणतात. पदार्थ तोच, पाणी तेवढंच (हो, ओपलमध्ये पाणी असतं, बहुतेकदा ६ ते १० टक्के), फक्त रांग नीट नाही. जगातलं बहुतेक ओपल हे पॉचच आहे.

यात एक गंमत मला फार आवडली. ताज्या शिंपल्याच्या आतली मोतिया चमकसुद्धा रंगद्रव्याची नसते. तिथे कॅल्शियम कार्बोनेटच्या अतिशय पातळ चकत्या एकावर एक रचलेल्या असतात आणि प्रकाश त्यांच्यात खेळतो. म्हणजे जिवंत असताना एक चमक होती, ती प्राण्याने स्वतः रचली होती. ती आम्लात गेली. त्याच जागी नंतर दुसरी चमक आली, ती कुणीच रचलेली नाही.

हे सगळं नक्की कधी झालं आणि किती वेगाने, यावर तज्ज्ञांमध्ये वाद आहेत. सिडनी विद्यापीठातल्या पॅट्रिस रे यांनी २०१३ मध्ये जी मांडणी केली तिच्यानुसार समुद्र हटल्यानंतर, ९.७ ते ६ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात, या भागात आम्लाने खडक कुजण्याची प्रक्रिया इतक्या मोठ्या प्रमाणावर झाली की तशी पृथ्वीवर फारशी कुठे दिसत नाही. (मंगळावर दिसते, आणि मंगळावरही ओपल सापडलंय.) काहीजण ओपल त्याहून बरंच नंतरचं मानतात. आणि वेगाचं म्हणाल, तर लायटनिंग रिजच्या लेन क्रॅम यांनी घरच्या शेडमध्ये काचेच्या बरण्यांमध्ये काही महिन्यांत रंगीत ओपल वाढवून दाखवलं. करोडो वर्षांचा माझा डायलॉग तिथेही पडला.

आपल्याकडचंही एक उदाहरण सांगून टाकतो. नागपूरच्या आसपास दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमध्ये तळ्यांचा गाळ दबलेला आहे, आणि त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख सिलिकाचे झालेले मिळतात. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या दोन मिशनऱ्यांनी १८५० च्या दशकात ते गोळा करून त्यावर लिहिलं होतं. तिथे रंग नाहीत, साधा चर्टचा दगड आहे. पण आयडिया तीच. आणि 'ओपल' हा शब्दच मुळात संस्कृत 'उपल' वरून, ग्रीक आणि लॅटिनमार्गे, गेला असं मानतात. आईला हे सांगितल्यावर तिला विशेष आश्चर्य वाटलं नाही. तिच्या मते बऱ्याच गोष्टी तिकडूनच गेल्यात.

मग लाँग वीकेंडला आम्ही कुबर पेडीला गेलो. ॲडलेडहून साडेआठशे किलोमीटर, पोर्ट ऑगस्टा सोडलं की सरळसोट रस्ता आणि दोन्ही बाजूला काहीही नाही. हे गाव ओपलवरच उभं आहे. १९१५ च्या फेब्रुवारीत वडिलांबरोबर सोनं शोधायला आलेल्या विली हचिसन नावाच्या चौदा वर्षांच्या पोराला इथे पहिलं ओपल सापडलं. उन्हाळा इतका भयंकर की निम्मं गाव जमिनीखाली खोदलेल्या घरांत राहतं. चर्चसुद्धा जमिनीखाली. गावाबाहेर नजर जाईल तिथपर्यंत पांढऱ्या मातीचे ढीग, मुंग्यांनी वारुळं केल्यासारखे. प्रत्येक ढिगाशेजारी एक उघडा खड्डा. फोटो काढताना मागे मागे सरकू नका अशा पाट्या लावल्यात, आणि त्या विनोदासाठी नाहीत. ती पांढरी माती बघून मला मात्र एकदम ओळखीचं कुणी भेटल्यासारखं झालं. कुजलेला फेल्डस्पार! केओलिन! आई म्हणाली, "हळू बोल, लोक बघतायत."

एका दुकानात गेलो. मालक ग्रीक वंशाचे आजोबा होते, स्वतः चाळीस वर्षं खाणीत काढलेली. त्यांनी आईला खुर्ची दिली आणि ड्रॉवरमधून एक शिंपला काढून तिच्या तळहातावर ठेवला. अर्धा राखाडी पॉच, आणि एका कडेने बोटभर पट्टा असा, की हात हलला की त्यातून निळा-हिरवा धावत जायचा. रेघा सगळ्या शाबूत.

"याचं काय करणार?" मी विचारलं.

"पुढच्या आठवड्यात कापणार," ते म्हणाले. "हा रंगाचा भाग वेगळा केला की दोन छान खडे निघतील. कानातल्यांची जोडी होईल."

"आणि असाच विकला तर?"

"असा कोण घेतो? संग्रह करणारे घेतात, पण ते कधी येतील सांगता येत नाही. आणि मला वीजबिल दर महिन्याला येतं." हे त्यांनी हसून सांगितलं, पण खोटं नव्हतं.

इथे मला पहिल्यांदा कळलं की पेच काय आहे. शिंपला चुनखडीचाच राहिला असता तर त्याला कुणी हात लावला नसता. ओपल झाला म्हणून तो खणून काढला गेला, आणि ओपल झाला म्हणूनच कापला जाणार. रंग जितका चांगला तितकी करवत जवळ. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत किती शिंपले, किती हाडं अंगठ्यांमध्ये बसली असतील त्याचा हिशोब लागणार नाही. अंगठी घालणाऱ्याला पत्ताही नसेल.

सगळेच कापले जात नाहीत म्हणा. १९८७ मध्ये याच कुबर पेडीत प्लायोसॉर नावाच्या सागरी सरपटणाऱ्या प्राण्याचा ओपल झालेला सांगाडा सापडला, पोटाच्या जागी त्याने खाल्लेल्या माशाचे मणके अजून तसेच. लोकांनी त्याचं नाव एरिक ठेवलं. मधल्या मालकाचा धंदा बुडाला आणि एरिक तुकड्यातुकड्याने रत्नांच्या भावात जाणार अशी वेळ आली, तेव्हा देशभरातून लोकवर्गणी निघाली आणि १९९३ मध्ये सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियमने तो घेतला. आपल्याकडे गणपतीला निघते तशी वर्गणी, एका दहा-अकरा कोटी वर्षांपूर्वी मेलेल्या प्राण्यासाठी! २००६ मध्ये त्याला रीतसर शास्त्रीय नावही मिळालं, उमूनासॉरस. आणि लायटनिंग रिज भागातला वीवारासॉरस हा डायनोसॉर तर जबड्याच्या एका तुकड्यावरून ओळखला गेला, २०१८ साली. तो तुकडा एका ओपल व्यापाऱ्याला खाणीच्या गाळाच्या पिशवीत मिळाला होता. त्याला त्यात दात दिसले म्हणून. दुसऱ्या कुणाला नुसता रंग दिसला असता.

मी आजोबांना शिंपल्याची किंमत विचारली. ती माझ्या दोन महिन्यांच्या घरभाड्याएवढी होती. आईने माझ्याकडे बघितलं, शिंपला एकदा उलटा करून बिजागरीवर अंगठा फिरवला आणि परत दिला. मी काही केलं नाही. क्रेडिट कार्ड खिशात होतं आणि मी काही केलं नाही, हे लिहून ठेवतो.

संध्याकाळी गावातल्या एका जागी गेलो जिथे खाणीतून काढून टाकलेल्या मातीत कुणालाही हाताने शोधायची परवानगी आहे. इथे याला नूडलिंग म्हणतात. मला तिच्या गुडघ्याची काळजी, आणि ती ढिगावर फतकल मारून बसलेली, तांदूळ निवडावेत तशी माती निवडत. तासाभराने तिने मला हाक मारली. नखाएवढा राखाडी तुकडा, आणि त्यावर पाच समांतर रेघा. तिरका केला, उन्हात धरला, पाणी लावलं. एकही रंग नाही.

आजोबांचं दुकान अजून उघडं होतं. त्यांनी भिंग लावून बघितलं. "शिंपलाच आहे. पॉच," ते म्हणाले. "किंमत काही नाही."

"म्हणजे कुणी कापणार नाही," आई मराठीत म्हणाली. मी भाषांतर केलं तेव्हा ते बराच वेळ हसत होते.

परतीच्या प्रवासात तिने विचारलं, "यात मूळ तिसरीचं काहीच नाही?"

"बहुतेक काहीच नाही. नुसता आकार."

"आणि तो दुसरा प्रकार? आत मुरून एकेक कण बदलतो तो?"

"तोही असू शकतो. कापून मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय कळणार नाही."

"मग नको कळायला," ती म्हणाली आणि नवा गुडघा डॅशबोर्डच्या बाजूला लांब केला.

तिला तो तुकडा घरी देवघरात, शाळिग्रामाशेजारी ठेवायचा होता. शाळिग्रामसुद्धा जीवाश्मच, त्यातलं चक्र म्हणजे अमोनाईट नावाच्या समुद्री प्राण्याची वळणं, तेव्हा शेजार काही वाईट नव्हता. पण जीवाश्म ऑस्ट्रेलियाबाहेर न्यायचे तर सांस्कृतिक वारशाचा १९८६ चा कायदा आहे. नखाएवढ्या पॉचसाठी तो कुणी लावेल असं नाही, तरी न विचारता न्यायला आईची तयारी नव्हती. एरिकची गोष्ट ऐकल्यावर तर नव्हतीच. मी चौकशीचं ईमेल पाठवलंय. उत्तर येईपर्यंत तुकडा माझ्याकडे, स्टीलच्या वाटीत, मॉनिटरच्या खाली.

काल रात्री तिचा व्हिडिओ कॉल आला. गुडघा बरा आहे, गुहागरला जाऊन आली, तिसऱ्या महाग झाल्यात. मग म्हणाली, "दाखव." मी वाटी कॅमेऱ्यासमोर धरली. ती म्हणाली, "जरा तिरकी कर." केली.

"दिसला का काही रंग?" मी विचारलं.

"नाही रे," ती म्हणाली. "रेघा मोजत होते."